राखी, बस!

आमच्या घरी हल्ली जेवताना कोणी ‘बस’ म्हणत नाही. आई वरण वाढायला आली की बाबा हात आडवा करतात आणि "पुरे" म्हणतात. हा शब्द मी बाबांच्या तोंडून उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. नागपूरकडचा माणूस "बस, बस, बस" असं तीनदा म्हणतो आणि तोवर वाटी भरून वाहायला लागलेली असते.

झालं असं की आमच्या राखीला, म्हणजे पिल्लाला, मी ‘बस’ शिकवलं. आठवड्याभरात अगदी पक्कं. मग रात्री पंगत बसली, बाबा सवयीने तीनदा ‘बस’ म्हणाले, आणि ताटापासून चार हातांवर उभी असलेली राखी धपकन बसली. वर बघितलं. काही मिळालं नाही. उठली, परत ‘बस’, परत बसली. परत काही नाही. सात-आठ दिवस हा प्रकार चालला आणि मग तिने सरळ निष्कर्ष काढला की हा शब्द बिनपगारी आहे. पुढे अंगणात मी घसा फोडून ‘बस’ म्हटलं तरी बाई शेपूट हलवत उभी. शेवटी शब्द बदलायचा की बाबांना बदलायचं असा प्रश्न आला. मला वाटलं होतं शब्द बदलणं सोपं जाईल, पण बाबाच म्हणाले, "राहू दे, मीच पुरे म्हणत जाईन."

निवृत्त होईपर्यंत कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्ट करणारा, घरात कधी कोणासाठी काही न बदललेला हा माणूस. असो. त्याबद्दल पुढे.

राखी आमच्याकडे २०२५ च्या जुलैमध्ये आली. भर पावसात, रस्त्याकडेच्या नालीच्या पाईपात होती. दीड-दोन महिन्यांची, अस्सल गावठी, रंग राखेचा. कोराडीत राहून राखेच्या रंगाच्या जीवाला दुसरं काय नाव ठेवणार? शिवाय पुढच्याच महिन्यात राखीपौर्णिमा होती. डॉक्टरांकडे नेऊन जंत पाडले, लसी सुरू केल्या, आणि मी रात्री जागून कुत्रं कसं शिकवायचं ते वाचायला लागलो. मी सॉफ्टवेअरवाला. काहीही हातात आलं की आधी मॅन्युअल शोधणार.

मॅन्युअलमध्ये सगळीकडे एकच शब्द, पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट. (सिव्हिलच्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "किती एमएमची सळई?") साध्या भाषेत सांगायचं तर जनावराने आपल्याला हवं ते केलं, की त्या क्षणी त्याला आवडणारं काहीतरी द्यायचं. मग ते ती गोष्ट पुन्हा करतं. नको ते केलं तर मारायचं नाही. त्यातून त्याला काही मिळणार नाही अशी व्यवस्था करायची. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवून उभं राहायचं. चप्पल चावते तर चप्पल वर ठेवायची. बस्स. (बघा, लिहितानासुद्धा निघतोच तो शब्द.)

शेजारचे काका कंपाउंडवरून हे सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. "काऊन बे, कुत्र्याले पनीर चारून राहिला तू? आमच्या वावरात कुत्रा होता, त्याले कोणी शिकवलं होतं? चतकोर भाकर टाकली की रातभर राखण करे. आन् चुकला तर एक दणका."

आता यात काकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी मान्य करायला तयार आहे. वावरातल्या कुत्र्याला कोणी ‘सिट’ आणि ‘शेक हॅन्ड’ शिकवलं नव्हतं. पण ती चतकोर भाकर काय होती? राखण केली की भाकर, भुंकून डुक्कर पळवलं की धन्याचा "वा रे पठ्ठ्या". हे पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंटच झालं की. शिवाय त्या कुत्र्याला दिवसभर मोकळं रान होतं, स्वतःचं काम होतं, आणि त्याच्याकडून गालिच्यावर न मुतण्याची अपेक्षा नव्हती. आपण त्याच्या पोराबाळांना उचलून दोन खोल्यांत आणलं, दार लावलं, आणि आता त्यांनी आपल्या मनातलं ओळखून वागावं म्हणतो. शिकवायची गरज आपण निर्माण केली आहे.

उरलेलं अर्धं, दणक्याचं, त्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे आणि त्यासाठीच आज लिहायला बसलोय.

आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. ही म्हण ज्याने केली त्याने नळीच वापरली, हे लक्षात घ्या. म्हणजे बळजबरी. दुसरं काही करून बघितल्याचा उल्लेख नाही :-)

या शास्त्राची गोष्टही मोठी मजेशीर आहे. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने १८९८ मध्ये मांजरांना खोक्यात कोंडून प्रयोग केले. आतला खटका दाबला की दार उघडायचं, बाहेर खायला. मांजरं आधी वाटेल ते करायची, मग हळूहळू फक्त उपयोगाचं तेवढं करायला लागायची. पुढे स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर हेच काटेकोरपणे मांडलं. त्याचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी तर १९४३ मध्ये प्राणी शिकवण्याची कंपनीच काढली. पण मला सगळ्यात पटला तो डॉल्फिनचा भाग. साठच्या दशकात कॅरन प्रायर ही बाई हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायची. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, काठीही मारता येत नाही. तुम्ही डोळे वटारले तर तो तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो, तुम्ही बसा काठावर. हातात काय उरलं, तर एक शिट्टी आणि बादलीभर मासे. तेवढ्यावर ते डॉल्फिन हवं तेव्हा हवी तशी उडी मारायचे. तिने १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं, ‘डोन्ट शूट द डॉग’, आणि तीच शिट्टी पुढे कुत्रेवाल्यांच्या हातात क्लिकर होऊन आली.

म्हणजे काठी नसतानाच शिकवण्याचं कसब वाढलं. काठी हातात असली की विचार करायची गरजच पडत नाही.

क्लिकर मी घेतला नाही. आधी ‘शाब्बास’ म्हणायचो, पण तो शब्द संपेपर्यंत राखी बसून उठलेली असायची, म्हणजे शाब्बासकी उठण्याला मिळायची. एका सेकंदाच्या आत खूण व्हायला हवी, नाहीतर गोंधळ. मग जीभ टाळूला लावून ‘टॉक’ असा आवाज काढायला लागलो, बैलगाडीवाले काढतात तसा. काका म्हणाले, "हे तर बैल हाकणं झालं." झालं तर झालं.

‘बस’ शिकवायचा प्रकार अगदी सोपा. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा तिच्या नाकाजवळ धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं, आपोआप बूड खाली टेकतं. टेकलं की टॉक, आणि तुकडा. पाच-सहा वेळा झालं की रिकाम्या हाताने तीच खूण, तुकडा मात्र दुसऱ्या हातातून. आणि ती खात्रीने बसायला लागली, की मग शब्द जोडायचा. शब्द सगळ्यात शेवटी! आपण काय करतो, पहिल्या दिवसापासून "सिट, सिट, सिट" म्हणत कंबर दाबतो. तिला वाटतं, सिट म्हणजे कोणीतरी कंबर दाबणार, तोवर उभं राहायचं.

आणि हे सिट, कम, नो काय प्रकरण आहे? ज्या घरात पोरांशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी हिंदीत बोलतात, तिथे कुत्र्याशी इंग्रजी. आमच्या कॉलनीत सगळ्यात जास्त इंग्रजी कुत्र्यांना ऐकायला मिळतं. कुत्र्याला भाषेशी देणंघेणं नाही. त्याला एक आवाज हवा, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरलेला. म्हणून मी हट्टाने मराठी शब्द घेतले आणि पहिलाच घेतला ‘बस’. काय झालं ते वर सांगितलंच.

दुसरी गंमत. स्वयंपाकघरात शंभर टक्के बसणारी राखी फाटकाजवळ नेली की काही शिकलेलीच नाही अशी उभी. मला वाटलं मुद्दाम करते. नंतर कळलं की कुत्र्याचं शिकणं जागेला चिकटून असतं. तिच्या लेखी स्वयंपाकघरातलं बसणं वेगळं, अंगणातलं वेगळं, ट्रक जाताना रस्त्यावरचं तर फारच वेगळं. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून, फक्त दर वेळी कमी दिवस लागतात. ऑफिसात टेस्टरने बग काढला की आपण म्हणतो ना, "माझ्या मशीनवर तर चालतं". तेच. आता मी ते वाक्य जरा जपून म्हणतो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस मोठा शहाणा, याने कधी हात उचलला नसेल. तर तेही सांगतो.

सप्टेंबरमधली गोष्ट. रात्री साडेदहाची वेळ, अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल, प्रॉडक्शनला काहीतरी पडलेलं, आणि मध्येच लॅपटॉप बंद. बघतो तर राखीने चार्जरची वायर दातांनी तोडलेली. वायर भिंतीतून काढलेली होती म्हणून ती वाचली, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. ती पलीकडच्या खोलीत होती. मी म्हटलं, "राखी, ये." आणि ती आली, कान मागे टाकून, शेपूट हलवत. मी चप्पल उचलली आणि दोन दिल्या.

मी बोलावलं म्हणून ती आली होती. वायर तोडून तर तोवर दहा मिनिटं झाली असतील. तिच्या दृष्टीने तिने शेवटी केलेलं काम म्हणजे हाकेला ओ देणं, आणि त्याचे दोन दणके.

नंतर ती कोपऱ्यात अंग चोरून बसली तेव्हा आई म्हणाली, "बघ, चुकलं ते कळलं तिला." आपल्याला सगळ्यांनाच असं वाटतं. पण २००९ मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने हेच तपासून बघितलं होतं. खाऊ न खाल्लेली कुत्रीसुद्धा मालक रागावला की तोच ‘अपराधी’ चेहरा करतात. तो चेहरा आपल्या रागाला बघून आलेला असतो, चुकीशी त्याचा संबंध नसतो.

चार दिवसांनी फाटक उघडं राहिलं आणि राखी बाहेर गेली. आमच्या गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता आहे आणि त्यावरून ट्रक जातात, रिकामे असले की जास्तच जोरात. मी मागे धावत बाहेर आलो, ओरडलो, "राखी, ये!" ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. मी परत म्हटलं, "ये!" आणि ती दोन पावलं मागे सरकली, रस्त्याच्या बाजूला.

मला आजही ते बघणं आठवतं. तिला शब्द कळला नव्हता असं नाही. पुरता कळला होता.

मी जितका पुढे जात होतो तितकी ती मागे जात होती. मागून बाबा आले. त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं आणि गुडघे दुखत असताना तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले, तिच्याकडे पाठ करून. काही बोलले नाहीत. नुसती मातीत बोटं फिरवत बसले, जसं काही तिथे फार महत्त्वाचं सापडलंय. मिनिटभराने राखी आली, त्यांच्या काखेतून नाक घालून काय आहे ते बघायला. बाबांनी पट्टा धरला. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. मग पायऱ्यांवर म्हणाले, "मारलेलं जनावर समोरून येत नाही. आम्हाला गावी माहीत होतं हे." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पोरांचंही तसंच असेल."

याच्यावर मी काही बोललो नाही. लहानपणी मार्कशीट घेऊन घरी येताना मी तळ्याच्या बाजूने लांबून यायचो, हे त्यांना माहीत होतं की नाही कोणास ठाऊक.

‘ये’ हा शब्द आम्ही सोडून दिला. खराब झालेली हाक दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणं सोपं असतं. आता हाक आहे ‘चला-चला’, आणि तिचे नियम घरात सगळ्यांना पाठ आहेत. हाक मारून आंघोळ नाही, औषध नाही, रागावणं नाही. ते करायचं असेल तर आपण उठून तिच्याकडे जायचं. हाकेला आली की दर वेळी काहीतरी मिळणार, उशिरा आली तरी. महिनाभर रोज वीस-वीस वेळा, आधी खोलीत, मग अंगणात, मग लांब दोरी बांधून मैदानात.

आता काठीवाल्यांचा एक लाडका मुद्दा. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक बॉस असतो, तर आपण बॉस व्हायला पाहिजे. हे खूळ आलं कुठून? १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल याने पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं बघून लिहिलं. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० च्या पुस्तकात तीच कल्पना लोकप्रिय केली. मग त्याने स्वतः जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. बॉस कसला, आईबाप ते! आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. आपल्याकडे मात्र अजून ‘अल्फा’ चालू आहे, कुत्र्यांतही आणि ऑफिसातही.

पण मी दुसऱ्या टोकाच्या लोकांवरही तितकाच वैतागतो. त्यांच्या लेखी कुत्रा म्हणजे ‘बेबी’. त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, तो पाहुण्यांच्या अंगावर चढला तर "सो फ्रेंडली ना!" याला पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणणं म्हणजे विषयाची बदनामी आहे. चढला की लक्ष मिळतं, लक्ष हेच बक्षीस, म्हणजे तुम्ही त्याला चढायलाच शिकवताय, तेही उत्तम पद्धतीने. लाड आणि बक्षीस यात फरक आहे. लाड कशासाठीही होतात. बक्षीस कामाचं असतं, आणि ते वेळेवर द्यायला देणाऱ्याला शिस्त लागते. माझं प्रामाणिक मत असं की या पद्धतीत कुत्र्यापेक्षा माणसाचं जास्त ट्रेनिंग होतं आणि म्हणूनच ती लोकांना जड जाते. मारायला काय, एक चप्पल आणि वाईट मूड पुरतो.

आणि हो, मर्यादाही आहेत. ब्रेलंड जोडप्यानेच १९६१ मध्ये लिहिलं की कितीही बक्षिसं दिली तरी प्राण्याची उपजत वृत्ती मधूनच वर येते. त्यांची डुकरं नाणी पेटीत टाकायची सोडून नाकाने माती उकरावी तशी उकरत बसायची. राखीला खार दिसली की चिकन, पनीर, चला-चला सगळं हवेत जातं. दिवाळीच्या फटाक्यांना ती पलंगाखाली गेली तेव्हा काही शिकवण्याचा प्रश्नच नव्हता, मी नुसता शेजारी जमिनीवर पडून राहिलो. भीतीत असलेल्या जीवाला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं काका म्हणाले. भीती म्हणजे काही तिने केलेलं काम नव्हे, बक्षीस मिळालं म्हणून वाढायला.

हे सगळं इतकं मनावर का घ्यायचं? एका गावठी कुत्रीसाठी? तर गावठी आहे म्हणूनच. लॅब्रॅडॉरने पोराचा हात तोंडात धरला तर तो खेळतो, गावठीने धरला तर ती चावली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याच नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की भटक्या कुत्र्यांना खायला घालायची हौस असेल तर त्यांना दत्तक घ्या, घरी न्या. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या महिन्यात त्याला स्थगिती दिली. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलण्याचा आदेश, अकरा दिवसांत त्यात बदल, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टेशनं यांच्या आवारातून ती हलवण्याचा आदेश. प्रत्येक बातमीला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत. आणि ज्यांना भीती वाटते त्यांना मी हसणार नाही. आपल्या देशात रेबीजने माणसं मरतात, पोरं मरतात, ही काही कल्पना नाही. गळ्यात पट्टा, लसीचं कार्ड आणि बोलावल्यावर येणं, एवढ्यावर राखीचं या गल्लीतलं स्थान टिकून आहे. उद्या तिने पळत्या पोरामागे धाव घेतली तर माझे थॉर्नडाइक-स्किनर कोणी ऐकून घेणार नाही.

शेजारच्या काकांची नात दुसरीत आहे. सुरुवातीला राखीला बघून किंचाळत पळायची, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं हा पिल्लाचा धर्मच. मग मी दोघींनाही शिकवलं. चिमणीला सांगितलं की पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. राखीला शिकवलं की कोणी झाड झालं की बसायचं. दोन आठवडे लागले. चिमणी लवकर शिकली, तिला बक्षीस म्हणून मी चॉकलेट देत होतो. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "माया नातीले बी ट्रेनिंग देऊन राहिला का बे?"

परवा संध्याकाळी काका स्वतः कंपाउंडला टेकून उभे होते. हातात पोळीचा तुकडा. राखी त्यांच्यासमोर उभी, मान वाकडी करून. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच जीभ टाळूला लावून टॉक केलं. ती बसायच्या आधीच. मी खिडकीतून ओरडणार होतो की काका, आधी बसू द्या, मग टॉक. पण राखीने थोडा विचार केला आणि स्वतःच बसली. काकांनी पूर्ण पोळी टाकली.

आता तिची ती सवय मोडायला पुढचा आठवडा जाईल. फाटकाला मात्र मी स्प्रिंगची कडी बसवून घेतली आहे.